वाचकांचे प्रश्न : यथार्थदर्शन आणि सुलेखन, घरच्या घरी शिकताना

शिक्षक नसताना चित्रकला आणि अक्षरकला शिकणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. काही प्रश्न अनेकांनी विचारले होते, ते एकत्र केले आहेत. यथार्थदर्शन म्हणजे वस्तू डोळ्यांना जवळ-लांब जशा दिसतात तशा सपाट कागदावर उतरवणं. उत्तरं वाचताना पेन्सिल, पट्टी आणि कागद जवळ ठेवा. नुसतं वाचून यातलं फारसं हाती लागणार नाही.

समोरचं टेबल काढते तेव्हा वरची फळी उतरती दिसते आणि पाय हवेत लटकल्यासारखे वाटतात. क्षितिजरेषा नेमकी कुठे काढायची ते कळत नाही. (वाचक, सांगली)

तुमच्या चित्रात दोन वेगवेगळ्या उंचीवरून पाहिलेलं टेबल एकत्र आलं आहे. फळी आयताकृती असते हे मनाला ठाऊक असतं, म्हणून ती वरून पाहिल्यासारखी काढली जाते. पाय मात्र समोरून दिसतात तसे काढले जातात. उपाय एकच आहे. टेबलाची एकही रेघ ओढण्याआधी नजरेची पातळी ठरवा. क्षितिजरेषा म्हणजे तीच पातळी. घरात बसून चित्र काढतानाही ती असते, फक्त भिंतीमुळे दिसत नाही.

ती शोधायला एक फुटपट्टी आडवी, सपाट धरा आणि डोळ्यांसमोर वरखाली करा. पट्टी खाली असली की तिची वरची बाजू दिसते, वर गेली की खालची. ज्या उंचीला दोन्ही बाजू नाहीशा होऊन नुसती कड उरते, ती तुमची नजरेची पातळी. तिच्या रेषेत समोर भिंतीवर काय येतं ते पाहा : खिडकीची कडी, कॅलेंडरचा तळ, काहीही. तिथेच क्षितिजरेषा.

आता ही रेषा मोजपट्टीसारखी वापरायची. खुर्चीत ताठ बसल्यावर साधारण उंचीच्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १२० सेंमीवर असतात. जेवणाचं टेबल ७५ सेंमीच्या आसपास असतं. म्हणजे खोलीत टेबल कुठेही ठेवलं तरी, त्या जागी जमिनीपासून क्षितिजरेषेपर्यंतच्या अंतराच्या ५/८ उंचीवर फळी यायला हवी. जवळच्या पायाशी हे अंतर कागदावर १६ सेंमी असेल तर पाय १० सेंमीचा. लांबच्या पायाशी ते १२ सेंमी असेल तर पाय साडेसात सेंमीचा. चारही पायांचं हे गणित जुळलं की टेबल आपोआप जमिनीवर उभं राहतं. उभं राहून चित्र काढत असाल तर १२० च्या जागी स्वतःच्या डोळ्यांची उंची मोजून घ्या. जमीन सपाट असेल आणि मान वर किंवा खाली केलेली नसेल, तरच हे लागू पडतं.

रस्त्यावरची माणसं काढतानाही हेच सूत्र वापरा. तुम्ही उभे आहात आणि समोरची माणसं तुमच्याच उंचीची आहेत, तर जवळची असोत की लांबची, सगळ्यांचे डोळे क्षितिजरेषेवरच येतात. बदलते ती फक्त पायांची जागा.

दोन लोपबिंदू घेऊन खोकं काढलं की ते ताणल्यासारखं, टोकदार दिसतं. नियम तर सगळे पाळले आहेत. (वाचक, नाशिक)

नियम बरोबर आहेत, पण लोपबिंदू, म्हणजे लांब जाणाऱ्या समांतर रेघा क्षितिजरेषेवर जिथे मिळताना दिसतात ते बिंदू, एकमेकांच्या फार जवळ आहेत. ए-४ कागद आडवा धरून त्याच्या दोन कडांवर लोपबिंदू घ्यायचे आणि मध्ये मोठं खोकं काढायचं, ही चूक जवळजवळ प्रत्येक नवशिक्या करतो. कागदाच्या बाहेर जायला मन तयार नसतं, त्यातून ती होते.

कारण समजून घेतलं तर ती पुन्हा होणार नाही. चित्र हे डोळ्यासमोर ठराविक अंतरावर धरलेल्या काचेसारखं असतं. फ्लॉरेन्सच्या आल्बेर्ती या वास्तुरचनाकार-लेखकाने १४३५ मध्ये चित्राच्या चौकटीला उघड्या खिडकीची उपमा दिली, ती याच अर्थाने. खोकं पंचेचाळीस अंशांत वळलेलं असेल तर दोन लोपबिंदूंमधलं अंतर हे डोळा आणि काच यांमधल्या अंतराच्या दुप्पट असतं. ए-४ च्या दोन कडांवर, म्हणजे ३० सेंमी अंतरावर बिंदू घेतले, तर डोळा कागदापासून फक्त १५ सेंमीवर आहे असं तुम्ही गृहीत धरलं. इतक्या जवळून चित्र कोणीच पाहत नाही. हातभर अंतरावरून पाहिल्यावर ते ताणलेलं दिसणारच.

व्यवहारात एवढं पुरे : दोन लोपबिंदूंमधलं अंतर चित्राच्या रुंदीच्या तिप्पट-चौपट ठेवा. खोकं १५-१६ सेंमीत बसवायचं असेल तर बिंदू ६० सेंमी अंतरावर. त्यासाठी कागद मोठ्या बोर्डावर किंवा पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने लावा. क्षितिजरेषा कागदाच्या बाहेर दोन्हीकडे वाढवा, बिंदूंवर टाचण्या टोचा आणि प्रत्येक टाचणीला दोरा बांधा. दोरा ताणला की हव्या त्या जागेची रेघ लगेच मिळते.

बोर्ड नसेल तर दुसरी युक्ती आहे, आणि ती अधिक उपयोगी आहे, कारण बाहेर बसून चित्र काढतानाही चालते. खोक्याचा जवळचा उभा कोपरा काढा. समजा तो क्षितिजरेषेच्या वर ८ सेंमी आणि खाली ४ सेंमी आहे. वरच्या टोकापासून डावीकडे जाणारी एक रेघ अंदाजाने, नीट पाहून, कागदाच्या डाव्या कडेपर्यंत न्या. कडेशी ती क्षितिजरेषेच्या ५ सेंमी वर आली असं धरू. आता कोपऱ्यावरच्या ८ सेंमीचे आठ समान भाग करा आणि कडेवरच्या ५ सेंमीचेही आठच. तीच मापं क्षितिजाच्या खाली मोजा. कोपऱ्यावर खाली चार भाग म्हणजे ४ सेंमी, तर कडेवर चार भाग म्हणजे अडीच सेंमी. एकाच क्रमांकाच्या खुणा जोडत गेलात की सगळ्या रेघा कागदाबाहेरच्या एकाच बिंदूकडे जातात. तो बिंदू प्रत्यक्ष काढायची गरजच पडत नाही. उजव्या बाजूलाही असंच करा.

तिसरा लोपबिंदू, म्हणजे उंच इमारतीच्या उभ्या रेघाही एकत्र येताना दाखवणं, तूर्त बाजूला ठेवा. दोन बिंदूंची पन्नास खोकी नीट आली की तो आठ दिवसांत समजतो.

फरशा लांब जाताना किती लहान करायच्या? अंदाजाने करतो, पण जमीन फुगल्यासारखी दिसते. (वाचक, बेळगाव)

इथे अंदाज चालत नाही. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या अमुक टक्के, असं ठरवूनही फरशा बरोबर येत नाहीत. कर्ण वापरायचा. चौकोनी फरशांचे कर्ण जमिनीवर एकमेकांना समांतर असतात. म्हणून तेही क्षितिजरेषेवरच्या एका बिंदूला मिळतात. त्याला अंतरबिंदू म्हणतात.

एकदा हे मापाने करून पाहा. ए-३ कागद आडवा घ्या. खाली एक आडवी तळरेघ आखा आणि तिच्या १२ सेंमी वर क्षितिजरेषा. क्षितिजरेषेवर कागदाच्या डाव्या कडेपासून १५ सेंमीवर लोपबिंदू घ्या. त्याच रेषेवर आणखी २४ सेंमी उजवीकडे अंतरबिंदू. तळरेघेवर, लोपबिंदूच्या बरोबर खाली मध्य येईल अशा रीतीने, तीन-तीन सेंमीच्या सहा फरशा मोजा. डावीकडे ९ सेंमी, उजवीकडे ९ सेंमी. सातही खुणा लोपबिंदूला जोडा. आता तळरेघेच्या अगदी डाव्या खुणेपासून अंतरबिंदूपर्यंत एकच रेघ ओढा. ही रेघ लोपबिंदूकडे जाणाऱ्या रेघांना जिथे जिथे छेदते, तिथून आडव्या रेघा काढा. झाल्या फरशांच्या सहा ओळी.

आता पट्टीने तपासा. तळरेघेपासून आडव्या रेघांची उंची अनुक्रमे १.३३, २.४, ३.२७, ४, ४.६२ आणि ५.१४ सेंमी यायला हवी. दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल तर बहुधा पेन्सिलीचं टोक बोथट आहे. एचबीऐवजी २एच ही कडक शिसाची पेन्सिल घ्या आणि टोक वारंवार काढा. फरक त्याहून मोठा असेल तर अंतरबिंदू क्षितिजरेषेवर नाही. या आकड्यांकडे जरा निरखून पाहा. पहिल्या ओळीची उंची १.३३ सेंमी, दुसरीची १.०७, तिसरीची ०.८७. उतार आधी झपाट्याने येतो, मग मंदावतो. अंदाजाने काढताना सगळे जण लांबच्या ओळी गरजेपेक्षा उंच ठेवतात. जमीन फुगते ती त्यामुळे.

विजेचे खांब किंवा कुंपणाच्या पट्ट्यांसाठी इतकी मांडणी लागत नाही. पहिले दोन खांब नजरेने ठरवा. खांबांची डोकी, पाय आणि मध्य यांच्या तीन रेघा लोपबिंदूकडे न्या. पहिल्या खांबाच्या डोक्यापासून दुसऱ्याच्या मध्यातून रेघ काढली की ती पायांच्या रेघेला जिथे मिळते, तिथे तिसरा खांब. दुसऱ्याच्या डोक्यापासून तिसऱ्याच्या मध्यातून चौथा. असंच पुढे.

तांब्या, पेला, माठ यांचं तोंड कधी बदामासारखं टोकदार होतं, कधी तिरकं. (शालेय रेखाकला परीक्षेला बसणाऱ्या मुलाचे पालक, सातारा)

वस्तुचित्राच्या पेपरात हीच चूक सर्वाधिक दिसते. लंबवर्तुळाला कोपरे नसतात. टोकं कितीही अरुंद असली तरी तिथे वळण असतंच. मुलाला टोकाशी पेन्सिल थांबवू देऊ नका. हवेत तीन-चार वेळा फिरवून मग ती कागदावर टेकवायला सांगा, आणि खांद्यापासून हात फिरू द्या.

दुसरं : वस्तूच्या मधोमध उभा अक्ष हलकाच काढायचा. लंबवर्तुळाची लांब बाजू या अक्षाला नेहमी काटकोनात असते. पेला उभा असेल तर ती आडवीच येणार. पेला लवंडलेला असेल तर अक्ष तिरका, आणि लांब बाजू त्याला काटकोनात. सायकलचं चाक काढतानाही अक्ष म्हणजे आस धरा.

तिसरं : नजरेच्या पातळीपासून जितकं खाली जाल तितकं लंबवर्तुळ उघडत जातं. म्हणून पेल्याचा तळ त्याच्या तोंडापेक्षा जास्त गोल हवा. मुलं तळाला सरळ रेघ ओढतात, त्यामुळे पेला टेबलात रुतल्यासारखा दिसतो. अर्धा भरलेला काचेचा पेला हातात धरून डोळ्यांच्या उंचीवरून हळूहळू खाली न्यायला लावा. पाण्याची रेघ उघडत उघडत गोल होताना पाहिली की ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही.

मोबाइलवर फोटो काढून त्यावरून यथार्थदर्शन शिकलं तर चालेल का? (वाचक, पुणे)

चालेल, पण दोन गोष्टी सांभाळा. फोनचा मुख्य कॅमेरा रुंद कोनातून पाहतो, त्यामुळे कडेजवळच्या वस्तू ताणल्या जातात. म्हणून दुप्पट झूम करा आणि चार पावलं मागे सरका. दुसरं, फोन वर किंवा खाली कलू देऊ नका. नाहीतर उभ्या भिंतीही एकमेकींकडे झुकतात. छापलेल्या फोटोवर पट्टी ठेवून लांब जाणाऱ्या रेघा वाढवा आणि क्षितिजरेषा शोधा. हा सराव उत्तम. पण तो खिडकीशी बसून केलेल्या सरावाची जागा घेत नाही. एक डोळा मिटा, हनुवटी एका जागी टेकवा आणि बाहेरचं दृश्य व्हाइटबोर्ड मार्करने थेट काचेवर गिरवा. समोरच्या इमारतीचं छत आपल्याला वाटतं त्यापेक्षा किती तीव्रपणे उतरतं, हे काचेवर पहिल्यांदा कळतं.

सुलेखनासाठी सुरुवातीला काय विकत घ्यावं? कट निबचं, म्हणजे सपाट छाटलेल्या टोकाचं पेन आणलं, पण शाई फुटते. (वाचक, लातूर)

आधी काहीच विकत घेऊ नका. दोन पेन्सिली घ्या, टोकं एका पातळीत आणा आणि रबरबँडने घट्ट बांधा. टोकांमधलं अंतर ७-८ मिलिमीटर होईल. या जोडीने लिहिलं की अक्षराच्या दोन्ही कडा वेगळ्या दिसतात आणि जाड-बारीक कुठे, कशामुळे होतं ते उघड दिसतं. शाईच्या पेनात हे झाकलं जातं. पंधरा दिवस याच जोडीवर काढा.

शाई फुटते ती बहुतेक वेळा कागदामुळे. झेरॉक्सच्या ७५ जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाच्या) कागदावर खळ कमी असते, आणि रुंद निब पुष्कळ शाई सोडते. तंतूंमधून ती पसरते. १०० जीएसएमचा बाँड पेपर किंवा गुळगुळीत कार्ट्रिज पेपर घ्या. कागद हाताळलेला असेल तर हाताचा तेलकटपणाही शाईला त्रास देतो. म्हणून लिहिताना हाताखाली कोरा कागद ठेवा. शाई फुटत नाही पण निबेवर मण्यांसारखी गोळा होते, अशी तक्रार असेल तर नव्या धातूच्या निबेवर गंज लागू नये म्हणून लावलेलं तेल अजून तिथेच आहे. भांडी घासण्याच्या साबणाने निब धुऊन पुसा.

एक इशारा. बाटलीवर ‘वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक’ असं लिहिलेलं असेल तर ती शाई फाउंटन पेनात भरू नका. तिच्यात लाखेचा अंश असतो, तो आत वाळला की पेन कायमचं तुंबतं. ही शाई दौतीत बुडवून लिहायच्या टाकासाठी आणि बोरूसाठी. पोस्टर कलर दुधाइतका पातळ करूनही बोरूने छान लिहिता येतं.

बोरू घरी कापायचा असेल तर बांबूचा किंवा बोरूचा पेन्सिलीएवढ्या जाडीचा, दोन पेरांमधला, १८-२० सेंमीचा पूर्ण वाळलेला तुकडा घ्या. टोकाला सुमारे ३ सेंमी लांबीचा तिरका काप द्या. आतला मऊ गर खरवडून काढा, म्हणजे बाहेरची कडक साल तेवढी लिहिण्याच्या कडेवर उरेल. दोन्ही खांदे छाटून हवी ती रुंदी आणा. टोकापासून मधोमध एक-सव्वा सेंमीची चीर द्या. लिहिण्याची कड सगळ्यात शेवटी : टोक कडक लाकडावर टेकवा आणि धारदार चाकू एकदाच दाबून छाटा. करवतीसारखं कापलं तर कड फाटते आणि रेघ केसाळ येते. चाकू नेहमी अंगापासून दूर चालवा. लिहून झाल्यावर बोरू धुऊन आडवा ठेवा. दौतीत उभा राहिला की टोक फुगून मऊ पडतं.

जाड-बारीक एकसारखं येत नाही. एकाच ओळीत काही अक्षरं ठळक, काही अशक्त. (वाचक, मडगाव)

निबेचा कोन लिहिता लिहिता बदलतो आहे. सुलेखनात जाडी दाबाने येत नाही, कोनाने येते. निबेची कड ओळीशी ४५ अंशांत धरली तर ५ मिमीच्या निबेने उभी रेघ साडेतीन मिमीची येते आणि आडवीही साडेतीनचीच. ३० अंशांत धरली तर उभी ४.३ आणि आडवी अडीच. पंधरा अंशांच्या फरकाने काना आणि शिरोरेषा यांचं नातंच बदलतं.

म्हणून रोज सुरुवातीला अधिकचं चिन्ह काढा. दोन्ही रेघा सारख्या जाड आल्या तर कोन ४५ अंशांचा आहे. मग गुणाकाराचं चिन्ह काढा. त्यातली एक तिरकी रेघ निबेच्या पूर्ण रुंदीची आणि दुसरी केसासारखी बारीक यायला हवी. अशा दहा-दहा जोड्या झाल्याशिवाय अक्षराला हात घालू नये.

यातली कोणती तिरकी जाड ठेवायची, हाही एक प्रश्नच आहे. रोमन अक्षरांच्या पुस्तिकांमध्ये वर-डावीकडून खाली-उजवीकडे उतरणारी तिरकी जाड असते. देवनागरीच्या बोरूच्या परंपरेत काप त्याच्या उलट असतो, त्यामुळे जाड-बारीकही उलट पडतं. बाजारातल्या बहुतेक पेनांसोबत रोमनचे नमुने येतात, आणि ते पाहून देवनागरी लिहिली की वेलांट्या, मात्रा अनोळखी वाटतात ते यामुळे. आजचे सुलेखनकार दोन्ही पद्धती वापरतात. तुम्ही एक निवडा आणि निदान वर्षभर तीच ठेवा. एका ओळीत दोन्ही मिसळल्या की अक्षरं एका घरातली वाटत नाहीत.

कोन बदलण्याचं नेहमीचं कारण म्हणजे वळण घेताना बोटांत पेन फिरणं. पेनाच्या वरच्या बाजूला पांढऱ्या रंगाची एक उभी खूण करा. लिहिताना ती सतत एकाच दिशेला दिसली पाहिजे. बोटं स्थिर ठेवून मनगट आणि कोपरापासूनचा हात हलवा. रेघेची एक कड स्वच्छ आणि दुसरी खडबडीत येत असेल तर निबेचा एक कोपरा उचलला जातो आहे. कागदाखाली आठ-दहा कागदांची गादी ठेवली की निब पूर्ण टेकते.

उंचीही निबेनेच मोजा. निब आडवी धरून एकावर एक सहा चौकोन उमटवा. शिरोरेषेपासून तळरेषेपर्यंत एवढं अंतर सुरुवातीला ठीक. वर मात्रा-वेलांटीला अडीच, खाली उकाराला अडीच. ३ मिमीच्या निबेला हे १८, साडेसात आणि साडेसात मिमी होतं, म्हणजे ए-४ वर आठ ओळी. चारही रेषा आखल्याशिवाय लिहू नका. रेषा आखण्याचा कंटाळा आला की अक्षर बिघडायला लागतं, हे ठरलेलं.

शिरोरेषा आधी ओढायची की अक्षर लिहून झाल्यावर? (वाचक, इंदूर)

मोडी लिहिताना पानभर रेघ आधी ओढत आणि मग अक्षरं तिच्याखाली लिहीत. देवनागरीच्या सुलेखनात नवशिक्यांनी उलट करावं. पेन्सिलीची रेषा आखलेली असतेच. तिला लटकवून शब्दातली सगळी अक्षरं लिहा आणि मग शब्दावर डावीकडून उजवीकडे एका ओढीत शिरोरेषा घ्या. अक्षरागणिक तुकडे जोडले तर सांधे दिसतात. ओढताना श्वास रोखू नका आणि कोन तोच ठेवा. घाईत इथेच निब सपाट होते आणि रेघ अचानक दोरीसारखी बारीक पडते.

थ, ध, भ यांच्यावरून शिरोरेषा सरसकट ओढू नका, नाहीतर ते य, घ, म होतात. उचलायची जागा पेन्सिलीने आधीच खुणावून ठेवा.

संगणकावर अक्षरं मोठी छापून गिरवली तर? आणि सराव क, ख, ग या क्रमानेच करायचा का? (वाचक, न्यू जर्सी)

गिरवायचा कित्ता हाताने, निबेने लिहिलेला हवा. र. कृ. जोशी यांनी आखलेला ‘मंगल’ हा टंक (फॉन्ट) मोलाचा आहे, पण तो पडद्यावर वाचण्यासाठी केलेला आहे. त्यात निब कुठे टेकली, कुठे उचलली हे दिसत नाही, आणि गिरवताना तुम्हाला नेमकं तेच शिकायचं असतं. शिवाय परदेशातल्या संगणकांवर ल आणि श बऱ्याचदा हिंदी वळणाचे येतात. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला आहे. मुलांना शिकवणार असाल तर हेच वळण घोटून घ्या.

क्रम मात्र वर्णमालेचा नको, आकारांचा ठेवा. पहिला आठवडा फक्त उभे दंड आणि अर्धी वळणं. मग व, ब, क, कारण तिघांचं पोट एकच. त्यानंतर प, ष, फ. मग ट, ठ, ढ, द : यांना पूर्ण दंड नाही, म्हणून तोल सांभाळणं अवघड. ग, म, भ, न यांच्यात गाठ येते. र, स, ख पुढे. ड, इ, ह, झ शेवटी, कारण त्यांत वळण दोन-तीनदा दिशा बदलतं. एका दिवसात दोनच अक्षरं घ्या, प्रत्येकी तीन ओळी. प्रत्येक ओळीतलं सर्वांत बरं अक्षर गोल करा आणि पुढची ओळ त्याच्याकडे पाहून लिहा. मागच्या अक्षराकडे पाहत गेलात तर चूक ओळभर वाढत जाते.

दोन अक्षरांमधलं अंतर पट्टीने मोजू नका. मधली पांढरी जागा सारखी दिसली पाहिजे. ‘गाणं’ लिहून पाहा : ग चा सुटा दंड आणि लगेच काना, दोन उभ्या रेघा शेजारी येतात. तिथे थोडं मोकळं सोडावं लागतं. ‘टर’ मध्ये उलट, दोन्ही अक्षरांखाली जागा रिकामी राहते, म्हणून ती जवळ आणावी लागतात. कागद उलटा धरून डोळे किलकिले केले की शब्द वाचला जात नाही आणि काळ्या-पांढऱ्याचा तोल तेवढा दिसतो.

रस्त्याच्या चित्रात दुकानाची, वाचनालयाची पाटी काढते. अक्षरं चांगली लिहिते, तरी ती भिंतीवर बसत नाहीत. (वाचक, कोल्हापूर)

कारण ती तुम्ही लिहिता. यथार्थदर्शनातली पाटी लिहायची नसते, रेखायची असते. मराठी नाटकांच्या शीर्षकांसाठी कमल शेडगे यांनी जी अक्षरं केली ती रेखलेली अक्षरं होती, म्हणजे कडा आधी आणि रंग मग. इथे तोच मार्ग घ्या, कारण निबेची रुंदी पाटीसोबत लहान होत नाही.

‘वाचनालय’ ही पाटी घेऊ. ती डावीकडून उजवीकडे लांब जाते आहे, जवळची उभी कड ७ सेंमी. पाटीची वरची आणि खालची कड लोपबिंदूकडे न्या आणि लांबची उभी कड ठरवा. आता रुंदीचा हिशोब. देवनागरीत सगळी अक्षरं सारखी रुंद नसतात. वा ला तीन भाग द्या, च ला दोन, ना ला तीन, ल ला दोन, य ला दोन, आणि दोन्ही टोकांना एकेक भाग मोकळा. एकूण चौदा. जवळच्या कडेवर वरून खाली अर्ध्या-अर्ध्या सेंमीच्या चौदा खुणा करा आणि प्रत्येक खूण लोपबिंदूला हलकेच जोडा. मग जवळच्या कडेच्या वरच्या टोकापासून लांबच्या कडेच्या खालच्या टोकापर्यंत कर्ण काढा. कर्ण ज्या ज्या ठिकाणी या रेघांना छेदतो, तिथून उभ्या रेघा टाका. वरून पहिल्या, चौथ्या, सहाव्या, नवव्या, अकराव्या आणि तेराव्या छेदावर अक्षरांच्या हद्दी येतात.

शिरोरेषा लोपबिंदूकडे जाते, अक्षरांचा तळही. काने आणि दंड उभेच राहतात. ते तिरके झाले की पाटी भिंतीवरून सुटते. दंडांची जाडी लांब जाताना कमी होते आणि शिरोरेषाही बारीक होत जाते. म्हणून शिरोरेषेची वरची आणि खालची, दोन्ही कडा स्वतंत्रपणे त्याच लोपबिंदूला जोडा. व चं पोट म्हणजे दाबलेलं लंबवर्तुळ : जवळची बाजू थोडी भरलेली, लांबची आक्रसलेली. सगळं रेखून झालं की रंग भरण्याआधी चित्र आरशात पाहा. पाटी पुढे झुकली असेल किंवा एखादं अक्षर उड्या मारत असेल तर उलट्या प्रतिमेत ते लगेच दिसतं, आणि तेव्हा खोडरबर अजून उपयोगी पडतो.